मेलेल्या सेलांची सोय

चामराजपेटेतली खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला लग्नाबद्दल विचारलं नाही, जातीबद्दल विचारलं नाही, घरात अंडी शिजवणार का हेही विचारलं नाही. त्यांनी माझा टॉर्च मागितला. तो उघडून दोन्ही सेल तळहातावर घेतले. एकाच्या बुडाला तारेचा तुकडा धरला, तारेचं दुसरं टोक आणि सेलचं डोकं एकदमच जिभेला टेकवलं आणि डोळे मिटून म्हणाले, "हा अजून चार महिने जातो बघा." मग दुसरा चाखला. "हा टॉर्चच्या कामाचा राहिला नाही. ह्याला घड्याळात घालू. सामान कधी आणता?"

बँकेने मला बढती देऊन पुण्याहून बेंगळुरूला पाठवलं होतं आणि शाखा दिली होती के. आर. पुरमला, म्हणजे घरापासून दोन बस आणि एक भांडण इतक्या अंतरावर. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. संगणकवाले मराठी लोक नुकते कुठे गावात उतरू लागले होते. माझे घरमालक मात्र जुन्यांपैकी. "तुम्ही लोक रेल्वेने आलात," असं ते मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले. "आम्ही घोड्यावरून आलो. साडेतीनशे वर्षं झाली की." घोडे परत का गेले नाहीत, हे मी विचारलं नाही. भाडं वाजवी होतं.

त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला अक्का. एक थोरला भाऊ आणि एक थोरली बहीण सुखाने संसार करताहेत, ह्याची सवय व्हायला मला महिना लागला. अक्का मला 'तंगी' म्हणत. कन्नडमध्ये तंगी म्हणजे धाकटी बहीण. बँकेच्या अधिकाऱ्याला कुणी सकाळ-संध्याकाळ तंगी म्हणून हाक मारावी, हे मी पुण्याच्या पत्रांत कधी लिहिलं नाही.

अण्णांनी एका सरकारी कारखान्यात तीस वर्षं मीटर तपासले होते. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, तपासणं सुटलं नाही. सेल मरत नाही, त्याला फक्त पहिलं काम झेपेनासं होतं, असं त्यांचं मत होतं. टॉर्चमध्ये थकलेला सेल ट्रान्झिस्टरमध्ये जायचा. ट्रान्झिस्टर कण्हू लागला की तोच सेल गच्चीवर उन्हात दोन दिवस पडायचा, अक्कांच्या सांडग्यांच्या शेजारी, एकाच धोतराच्या दोन टोकांना. कावळे दोन्हीकडे बघून निघून जात. उन्हं खाऊन आलेल्या सेलला शेवटची नोकरी भिंतीवरच्या घड्याळात. घरात अशी सात घड्याळं होती. सातही चालत होती आणि सातही मागे होती, प्रत्येक आपापल्या मगदुराप्रमाणे. अक्कांना सगळी पाठ होती. हॉलमधलं वीस मिनिटं मागे, देवघरातलं पाऊण तास, जिन्यातलं अमावास्येला बरोबर. मी तिसऱ्यांदा बस चुकल्यावर अण्णांकडे तक्रार केली.

"घड्याळ चालतंय की नाही?" त्यांनी विचारलं.

"चालतंय, पण चुकीचं चालतंय."

"मेलेल्या सेलवर चालतंय, ते बघा. बरोबर वेळ पाहिजे तर कुणालाही विचारता येते."

स्वतः त्यांच्या मनगटावर चावीचं घड्याळ होतं. ते कधी एक मिनिटही चुकलं नाही.

मी राहायला गेले त्याच वर्षी त्यांचा मेहुणा दुबईहून चार्जर आणि पुन्हा पुन्हा भरता येणारे बारा सेल घेऊन आला. त्या दिवसापासून अण्णांच्या बोलण्यात नवा धर्म स्वीकारलेल्या माणसाचं तेज आलं. साधा सेल एकदा जगतो, हा पाचशे वेळा. वर्षभरात स्वतःची किंमत फेडतो, पुढची चारशे आयुष्यं फुकट. हे त्यांनी मला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, आणि एका रिक्षावाल्याला मार्केटच्या सिग्नलपाशी इतकं पटवून सांगितलं की सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला. रिक्षावाला शेवटी म्हणाला, "सरी सार, पण माझ्या रिक्षात टॉर्चच नाही." अण्णांनी त्याला टॉर्च घ्यायचा सल्ला दिला.

ह्या नव्या सेलांची एक खोड होती. ते पूर्ण रिकामे न करता परत चार्जरला लावले की आळशी होतात, थोडंसंच काम करून बसकण मारतात. म्हणून अण्णांचा नियम असा, की चार्ज करण्याआधी सेल निपटून काढायचा. परिणामी वीज वाचवण्यासाठी त्या घरात भर दुपारी टॉर्च जळत. खिडकीत दोन, देवघरात एक, एक डाळीच्या डब्यावर. समोरच्या घरातल्या बाईंनी एकदा मला हळूच विचारलं, "अण्णांना दिसायचं कमी झालंय का?"

बारा सेलांच्या सहा जोड्या होत्या. प्रत्येकीला ऑइलपेंटचं वेगळ्या रंगाचं कडं होतं. दर मंगळवारी अण्णा एकेक जोडी छोट्या बल्बला लावून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसत. कोण किती मिनिटं टिकतो, ते त्यांना तोंडपाठ असे. जोड्या निपटून चार्जरला लावायचं काम मात्र माझ्याकडे आलं होतं, कारण चार्जर ज्या सॉकेटमध्ये बसायचा ते नेमकं माझ्या खोलीत होतं. बँकेत माझ्या सहीशिवाय तिजोरी उघडत नसे. घरी मी सेल चार्जरला लावायची आणि काढायची.

आता हे सगळं वाचून अण्णा चिक्कू होते असं कुणाला वाटेल. मलाही वाटत होतं, होसकोटेपर्यंत.

घड्याळातही चालेनासा झालेला सेल अण्णा टाकत नसत. तो मागच्या खोलीतल्या पोत्यात जाई. स्वतःचेच नाहीत, गल्लीतले, नातेवाइकांचे, मराठी मंडळातल्या प्रत्येक घरातले मेलेले सेल ते मागून आणत. "आत विष आहे हो," ते म्हणत. "तुम्ही कचऱ्यात टाकणार. कचरा जातो तळ्याकाठी. तळ्याच्या पाण्यावर पालक होतो. पालक येतो तुमच्या डब्यात. मग तुम्ही म्हणणार, सांबार का असं लागतंय?" अडचण एवढीच होती की हे सेल पुढे घ्यायला कुणी तयार नव्हतं. भंगारवाला मोटारीची बॅटरी शिशासाठी हसत घेई, टॉर्चचा सेल बघून हात जोडी. पोती वाढत होती. मागची खोली भरत होती.

होसकोटेला जुन्या बॅटऱ्या वितळवणारा एक छोटा कारखाना होता. त्याला आमच्या बँकेचं कर्ज होतं आणि मला तपासणीला जायचं होतं. अण्णा दोन पोती घेऊन माझ्याबरोबर बसमध्ये चढले. कंडक्टरने पोत्यांचं वेगळं तिकीट मागितलं, तेव्हा अण्णा म्हणाले, "मेलेल्यांचं तिकीट घेता होय?" कंडक्टर दोन पावलं मागे सरकला आणि पुढचा सगळा प्रवास आमच्याकडे फिरकला नाही.

कारखान्याचा मालक बँकेच्या बाईंसमोर फार अदबीने वागला. चहा दिला, पोती उतरवून घेतली, "असे नागरिक पाहिजेत" असं म्हणाला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण हप्ता थकवताना तो असाच बोलायचा. आम्ही रस्त्यावर आलो. अण्णांना चष्म्याचं घर विसरल्याची आठवण झाली म्हणून ते परत गेले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, म्हणून मी बघायला गेले. कारखान्याच्या मागे ओढ्याचा उतार होता. एक कामगार रिकामी पोती झटकत होता आणि अण्णा धोतराचा काचा मारून त्या उतारावर, गुडघाभर गवतात, एकेक सेल वेचत होते. ओरडत नव्हते, कुणाला शिव्या देत नव्हते. मालक वरून "सार, सार" करत होता, त्याच्याकडे त्यांनी मान वर करून पाहिलंही नाही. थोड्या वेळाने मी चपला काढल्या आणि खाली उतरले. अंधार पडायच्या आत झालं. त्या ओढ्यात आधीच्या लोकांनी टाकलेलेही सेल होते. तेही अण्णांना सोडवेनात. दोन पोती घेऊन गेलो होतो, अडीच घेऊन परत आलो.

बसमध्ये ते एवढंच म्हणाले, "चष्म्याचं घर खिशातच होतं की." त्यानंतर मी त्यांना मनातसुद्धा चिक्कू म्हटलं नाही.

अक्कांचा मात्र ओढ्याशी काही संबंध नव्हता. त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. तिला जिना चढायचा नव्हता आणि खाली जागा दोनच: मागची खोली, जिच्यात सेल होते, आणि पुढची खोली, जिच्यात मी होते. अक्कांनी जेवताना निकाल दिला.

"दिवाळीनंतर लेक येईल. तोपर्यंत एक खोली रिकामी पाहिजे. सेल जातील, नाहीतर तंगी जाईल. मूल विषाच्या पोत्याशेजारी निजणार नाही."

अण्णा बराच वेळ भात कालवत राहिले. ते मनात काय तोलत होते, हे मला कळत होतं, आणि मी फार विश्वासाने बघत नव्हते.

"तंगी राहू दे," ते शेवटी म्हणाले. "मी मंडळात विचारतो."

मंडळ म्हणजे आमच्या समाजाचा हॉल. स्टेजच्या मागे एक खोली वर्षानुवर्षं रिकामी होती. फरशी पक्की, ओल नाही, कुलूप चांगलं. अण्णांनी रीतसर अर्ज केला. मंडळाचे अध्यक्ष ग्रॅनाइटचे व्यापारी होते. हॉलच्या दारावर 'समाजाचे भूषण' असा त्यांच्या फोटोखाली फलक होता आणि तो त्यांनी स्वतःच्या खर्चाने लावला असल्यामुळे त्याला कुणी हरकत घेऊ शकत नव्हतं. अर्ज वाचून ते म्हणाले, "अण्णा, मंडळ म्हणजे काय भंगारचं दुकान आहे? त्या खोलीचं मी ठरवलंय. स्नेहसंमेलनात जाहीर करतो." काय ठरवलंय ते सगळ्यांना ठाऊक होतं. एसी बसवायला माणूस माप घेऊन गेला होता. तिथे अध्यक्षांचं दालन होणार होतं.

मी पेपरातल्या भाड्याच्या जाहिराती वाचायला लागले.

मंडळाचा माइक अण्णांच्या ताब्यात असे. माइक बिनवायरचा, सिंगापूरहून आणलेला, अध्यक्षांनीच भेट दिलेला; कारण त्यांना बोलताना स्टेजभर फिरायला आवडे. त्यात दोन पेन्सिल सेल लागत आणि ते अण्णा आपल्या जोड्यांतले देत. मंडळात अशी कुजबुज होती की ज्या वक्त्याची जेवढी लायकी, तेवढ्या मिनिटांची जोडी अण्णा घालतात. अण्णांना विचारलं तर ते म्हणत, "सुम्ने काहीतरी बोलू नका." सुम्ने म्हणजे उगाच, आणि वेळप्रसंगी गप्पही. पण वधूवर सूचक मंडळाचे चिटणीस दरवर्षी नवव्या मिनिटाला बंद पडत, हे खरं होतं.

संमेलनाच्या आदल्या आठवड्यात मी चार दिवस पुण्याला गेले. परतल्यावर खोलीचं दार उघडलं आणि आधी चार्जरकडे नजर गेली. हिरव्या कड्याची जोडी चार्जरमध्येच राहिली होती. ती आधी निपटलेली नव्हती, आणि चार दिवस उलट भाजत पडली होती. सेल एवढे गरम होते की त्यांच्यावर पापड भाजला गेला असता. मी ती थंड करून गुपचूप डब्यात ठेवून दिली. पाच जोड्या आहेत, सहावीकडे कोण बघतं, असं स्वतःला सांगितलं. कर्जबुडवे मला नेमकं हेच सांगत असत.

संमेलनाच्या दिवशी हॉल भरलेला. मी अण्णांच्या शेजारी स्टेजच्या पायऱ्यांशी उभी होते. अध्यक्षांचं नाव पुकारलं गेलं. अण्णांनी डब्यातून जोडी काढली आणि माइकमध्ये बसवली. कडं हिरवं होतं.

"अण्णा," मी म्हटलं, "ती जोडी नको."

"का?"

"जरा... दुसरी बघा ना."

"सुम्ने उभी राहा," अण्णा म्हणाले आणि माइक वर पोचवला.

अध्यक्षांनी घोड्यांपासून सुरुवात केली. घोडे बेंगळुरूच्या वेशीवर आले, तळ पडला, किल्ला दिसला. माझं लक्ष माइकवरच्या छोट्या लाल दिव्यावर. हा माणूस आधीच अण्णांवर नाराज, आता भर सभेत माइक बंद पडला की खोलीची उरलीसुरली आशा तर जाईलच, माइकचं कामही जाईल, आणि कारण मी. अध्यक्ष घोड्यांवरून ग्रॅनाइटवर आले. ग्रॅनाइटवरून स्वतःवर. मग त्यांनी एक हात वर केला आणि म्हणाले, "आता एक महत्त्वाची घोषणा. आपल्या हॉलच्या मागची..."

दिवा विझला.

अध्यक्षांचे ओठ हलत होते. त्यांनी माइक हलवला, त्यावर टिचकी मारली. हॉलमध्ये साडेतीनशे माणसं. पाठीमागच्या रांगांना भाषण संपलं असं वाटलं आणि त्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी रागाने अण्णांकडे पाहिलं.

अण्णा तीन पायऱ्या चढले. तीस वर्षं यंत्रांच्या आवाजात बोललेल्या माणसाचा तो गळा. "शांत राहा स्वल्प!" ते गरजले. "अध्यक्षसाहेब बोलतील, मी पोचवतो!" हे अध्यक्षांना बरं वाटलं असावं. त्यांनी मान हलवली आणि एक वाक्य म्हटलं.

"अध्यक्षसाहेब म्हणतात, मागची खोली कित्येक वर्षं रिकामी पडली आहे!"

अध्यक्षांनी होकार दिला आणि पुढे म्हणाले.

"अध्यक्षसाहेब म्हणतात, तिचा समाजाला अभिमान वाटेल असा उपयोग झाला पाहिजे!"

अध्यक्ष आणखी जोराने मान हलवू लागले. पुढचं वाक्य त्यांनी जरा लांब म्हटलं. अण्णांनी ते पूर्ण, आदराने, कान देऊन ऐकलं आणि सभेकडे वळले.

"अध्यक्षसाहेब म्हणतात, त्यांनी ही खोली आपल्या कैलासवासी मातोश्रींच्या स्मरणार्थ, वापरलेल्या सेलांच्या संकलनासाठी दिलेली आहे! कायमची!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतल्या बायका मातोश्रींना ओळखत होत्या, त्यातल्या दोघी डोळे पुसू लागल्या. अध्यक्षांची मान अजून हलत होती. ती थांबवायची की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. आईच्या नावाने दिलेली खोली साडेतीनशे माणसांसमोर परत कशी घेणार? त्यांनी हळूहळू हात जोडले. खजिनदार हार घेऊन धावले.

दोन दिवसांनी मी कबुली द्यायला गेले. अण्णा गच्चीवर होते.

"अण्णा, ती हिरवी जोडी माझ्यामुळे बिघडली होती. चार दिवस चार्जरमध्ये राहिली. मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

"बारा मिनिटं," अण्णा म्हणाले.

"काय?"

"बारा मिनिटं चालत होती. मंगळवारी मोजली की. चांगल्या सेलची वाट लावलीस, असं ओरडायला तुझ्या खोलीपर्यंत आलो होतो. तू बँकेत होतीस."

"मग तीच जोडी का घातलीत?"

अण्णांनी सांडग्यांवरची माशी हाकलली. "अध्यक्ष आदल्या दिवशी हॉलमध्ये येऊन भाषणाची तालीम करून गेले. मी खुर्च्या मोजत बसलो होतो. बाराव्या मिनिटाला खोली येते."

"मला आधी सांगायचंत तरी! मी घामाने भिजले."

"तुझ्या तोंडावर सगळं दिसतं," अण्णा म्हणाले. "कर्ज कसं वसूल करतेस, देव जाणे."

पोती दिवाळीआधी हलली. अक्कांनी मागची खोली तीन वेळा धुतली, शेणाने नाही तर फिनेलने, आणि लेकीची खाट घातली. मी होते तिथेच राहिले.

खोलीचं उद्घाटन अध्यक्षांनी स्वतः ठरवलं. तोपर्यंत ती कल्पना त्यांची झाली होती. रिबन आणली, मातोश्रींच्या फोटोला हार घातला, फोटोग्राफर बोलावला. स्टेजवर चांदीच्या ताटात कुंकू, अक्षता आणि एक सेल ठेवलेला होता. अध्यक्षांनी तो दोन बोटांत धरून फोटोग्राफरकडे पाहिलं आणि अण्णांच्या पुढे केला. अण्णांनी हात पुढे केला नाही.

"हा नवा आहे," ते म्हणाले.

"असू दे हो. फोटोपुरता घ्या."

"इथे मेलेलेच घेतो. वापरा, संपवा, मग आणा."

फोटोग्राफर एका डोळ्याने थांबला होता. अध्यक्षांनी सभेकडे वळून हसत विचारलं, "कुणाकडे एखादा मेलेला सेल आहे का?" कुणाकडेच नव्हता. सगळ्यांचे अण्णांनी केव्हाच मागून नेले होते. अध्यक्ष स्टेजवरून खाली उतरले. सिल्कचं उपरणं सावरत समाजाचं भूषण पहिल्या रांगेतून चालू लागलं. "आहे का हो? तुमच्याकडे? रिमोटचा वगैरे?" लोक खिसे चाचपत, माना हलवत.

रांगेच्या टोकाला एक ऐंशीच्या आजी बसल्या होत्या. अध्यक्षांच्या हाताचा इशारा त्यांना कळला. त्यांनी शांतपणे कानातलं यंत्र काढलं, नखाने त्याचं झाकण उघडलं आणि बटणाएवढा सेल अध्यक्षांच्या तळव्यावर ठेवला.

"घे बाळ," त्या म्हणाल्या. "गुढीपाडव्यापासून मेलेला आहे. तुझ्या भाषणांना मी हाच घालून येते."